जँगो-फ्लास्क सोडून पायथॉनची कुठली वेब फ्रेमवर्क तुम्ही खरंच वापरली आहेत?

नदीकाठी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी देवघेवीचं छोटं सॉफ्टवेअर लिहायला घेतलंय. पुस्तकं बारा हजारांच्या आसपास, सभासद चारशेच्या घरात. काउंटरवर एक विंडोजचा संगणक, ग्रंथपालांच्या खोलीत दुसरा, दोन्ही एकाच राउटरवर. इंटरनेट आलं तर आलं. सभासद, वर्गणी, अनामत, दाखल क्रमांक, कुठलं पुस्तक कुणाकडे आणि कधीपासून, शिवाय अनुदानासाठी लागणारा वार्षिक अहवाल, एवढंच त्यात हवं.

ऑफिसात मी जँगो या पायथॉन भाषेतल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेब-सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्यावर, काम करतो. या कामासाठी ते अंगापेक्षा मोठं वाटतं. फ्लास्क चालेल. पण बॉटल, चेरीपाय, वेबटूपाय, पिरॅमिड, फाल्कन ही नावं वाचनात आली आणि कुतूहल वाढलं. नेटवर शोधलं की वेगाचे तक्ते मिळतात, अमुक सेकंदाला इतक्या विनंत्या वगैरे. त्याचा मला काही उपयोग नाही. ज्यांनी यातलं काही लिहून वर्षानुवर्षं चालवलंय, त्यांचं ऐकायचंय. काय वापरलं, कशासाठी, आणि पुढे त्याचं काय झालं?

टर्मिनलवाला
बॉटल. डोळे झाकून.

संपूर्ण फ्रेमवर्क एका फाइलीत आहे. पायथॉनसोबत जे येतं त्यापलीकडे तिला काही लागत नाही. पेन ड्राइव्हवर घ्या, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका, झालं. इंटरनेट नसलेल्या जागी याचं मोल कळतं. पानांचे साचे (टेम्प्लेट) बनवायची सोयसुद्धा त्याच फाइलीत आहे.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी वापरलं. काट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून येतो, बॉटलच्या पानावर दिसतो, गाडी नंबर आणि शेतकऱ्याचा कोड टाकून पावती छापायची. हंगामात रात्रंदिवस गाड्यांची रांग असते. काट्यावरच्या माणसाला पान उघडायला दोन सेकंद जास्त लागले तरी बाहेर हॉर्न सुरू होतात. गेले कित्येक हंगाम ते पान चालू आहे.

रानपाखरू
आधी बॉटल आली, मग फ्लास्क आला. थर्मास कधी येतोय?

अर्धविराम
रानपाखरू, तुमच्या विनोदात इतिहास आहे. फ्लास्कची सुरुवातच २०१० च्या एप्रिल फूलला झाली. आर्मिन रोनाखरने एका फाइलीतल्या फ्रेमवर्कच्या लाटेची थट्टा करायला एक नकली फ्रेमवर्क तयार केलं. वेर्कझॉइग आणि जिंजा ही दोन मोठी पॅकेजं त्याने त्या एका फाइलीत कोंबली होती. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की त्याने नीट बसून खरं लिहिलं, तोच आपला फ्लास्क. बॉटल त्याच्या आधीची, मार्सेल हेलकांपची, २००९ ची.

जुनाजाणता
मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

नदीकाठी, तुम्ही जँगोच वापरा. प्रश्न तुम्हाला काय आवडतं हा नाहीच. तुमची बदली झाली, लग्न झालं, परदेशी गेलात, तर त्या वाचनालयाचं काय? आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचा सगळा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत होता. लिहिणारा हुशार मुलगा होता. तो गाव सोडून गेला, नंतर जुना संगणक बसला आणि नव्या संगणकावर ते उघडून देणारा तालुक्यात कोणी मिळेना. शेवटी दोन कारकुनांनी छापील पावत्यांवरून सगळं पुन्हा भरलं. त्या बायका रात्री आठ-आठपर्यंत बसलेल्या मी पाहिल्यात.

जँगो येणारं पोर उद्याही मिळेल. शिवाय त्याची अ‍ॅडमिन बाजू बघा. जँगो जन्मलं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, २००३ मध्ये. २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारांना प्रोग्रामरशिवाय मजकूर भरता यावा म्हणून ती अ‍ॅडमिन होती. तुमच्या ग्रंथपालांना नेमकं हेच हवंय. सभासद आणि पुस्तकं भरायची पानं फुकटात मिळतात, ती हाताने कशाला लिहायची?

टर्मिनलवाला
जुनाजाणता काका, पतसंस्थेचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे अडलं ते लिहिलेलं कोणी वाचू शकत नव्हतं म्हणून. बॉटलची ती फाइल कॉलेजचं पोरगं चार संध्याकाळी बसून वाचून काढू शकतं. जँगो किती जणांनी असं आतून वाचलंय? जँगो येणारा मिळेल हे खरं, पण त्या नेमक्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर आणून देणारा फुकट येणार नाही.

शाळामास्तर
वेबटूपायचं नाव धाग्यात आलंय म्हणून लिहितो. मी अकरावी-बारावीला संगणक शिकवतो. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले मास्सिमो दि पिएरो यांनी ते २००७ मध्ये शिकवण्यासाठी म्हणून काढलं, आणि ते जाणवतं. विंडोजवर फोल्डर उलगडायचं, दोनदा क्लिक करायचं, एक छोटी खिडकी पासवर्ड विचारते आणि सगळं सुरू. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा. चूक झाली की चुकीचं तिकीट निघतं, त्यावर क्लिक केलं की नेमकी ओळ समोर. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे हे वरदान होतं. मुलं पहिल्याच तासाला स्वतःचं पान बघून खूश व्हायची.

पण नव्या कामासाठी सुचवणार नाही. त्यात बऱ्याच गोष्टी न मागता हजर असतात, कुठून आल्या ते दिसत नाही. वेबटूपायवर वाढलेली मुलं नंतर साधा पायथॉन लिहिताना अडखळतात, हे मी वर्गात बघितलंय. त्याच लेखकाचं पुढचं काम पायफोरवेब, त्यात हे पुष्कळ सुधारलंय.

मोठं काम त्यावर झालेलंच नाही असं मात्र नाही. आपत्तीच्या वेळी छावण्या, मदतसाहित्य, बेपत्ता माणसं यांच्या नोंदी ठेवणारं सहाना ईडन वेबटूपायवरच उभं आहे. सहानाची सुरुवात २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत झाली, तेव्हा ते पीएचपीत होतं. ईडन ही नंतरची पायथॉनमधली आवृत्ती.

सावली
मूळ प्रश्नाला बगल देते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. कोहा का नको? वाचनालयासाठीच बनलेलं आहे, फुकट आहे, जगभर चालतं. आपल्याकडे सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालयसुद्धा आहे. नव्याने लिहायचा घाट कशाला?

नदीकाठी
सावलीताई, कोहा मी लावून पाहिलं. चांगलंच आहे. पण त्याला लिनक्स लागतं आणि काउंटरवर विंडोजशिवाय गत नाही, कारण पगारपत्रक आणि छपाई त्यावरच आहे. दुसरं, कोहातल्या नोंदीची रचना विद्यापीठाच्या ग्रंथालयाला शोभेल अशी आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंना लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक आणि कपाट एवढ्यात काम उरकायचं असतं. संध्याकाळी पाच ते सात काउंटरवर झुंबड असते. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर विचारूच नका.

खटपट्या
अजून कोणी फ्रापेचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं! अख्ख्या यादीत आपल्या मुंबईत घडलेलं हे एकच. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं ते फ्रेमवर्क. पायथॉन, मारियाडीबी हा डेटाबेस, आतमध्ये वेर्कझॉइग. त्यात डॉकटाइप म्हणून प्रकार असतो. ब्राउझरमध्येच सांगायचं की सभासदाला नाव, पत्ता, अनामत असे रकाने हवेत, आणि टेबल, फॉर्म, यादी, शोध, परवानग्या, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती द्यायचं दार) हे सगळं त्यातून तयार होतं.

आणि गंमत ऐका. फ्रापे शिकायचा जो अधिकृत पाठ आहे, त्यात उदाहरण म्हणून वाचनालयाचंच अ‍ॅप बांधून दाखवलंय! पुस्तक, सभासद, सभासदत्व, देवघेव. नदीकाठी, तुमचं निम्मं काम तिथे लिहून ठेवलंय.

टर्मिनलवाला
खटपट्या, फ्रापेबद्दल मलाही अभिमान आहे. पण त्याला मारियाडीबी हवी, रेडिस हवं, नोड हवं, आणि विंडोजवर ते सरळ चालत नाही. कोहा ज्या कारणाने बाद झालं त्याच कारणाने हेही बाद. तालुक्यातली दहा वाचनालयं मिळून एक सर्व्हर ठेवणार असतील तर गोष्ट वेगळी.

खटपट्या
विंडोजचं मान्य. दहा वाचनालयांची कल्पना झकास आहे, कोणीतरी जिल्हा ग्रंथालय संघाच्या कानावर घाला.

अर्धविराम
ग्रंथालयाचा विषय निघालाच आहे तर वेब डॉट पायबद्दल लिहायलाच हवं. एरन स्वार्ट्झने ते लिहिलं. रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ आधी लिस्प या भाषेत होतं, २००५ च्या डिसेंबरात पायथॉनमध्ये नव्याने लिहिलं गेलं, ते वेब डॉट पायवर. थोड्याच दिवसांत, २००६ च्या जानेवारीत, त्याने ते सगळ्यांना खुलं केलं, तेही कसलाही हक्क न ठेवता. परवाना वगैरे नाही, सार्वजनिक मालकीचं.

रेडिटने पुढे ते सोडलं. पण ओपन लायब्ररी, म्हणजे जगात छापलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी एक पान असावं हा इंटरनेट अर्काइव्हचा प्रकल्प, तो वेब डॉट पायवर उभा राहिला आणि अजून त्यावरच आहे. मराठी पुस्तकांची पानंही आहेत तिथे. एरन २०१३ च्या जानेवारीत गेला, सव्वीस वर्षांचा होता. त्याने विशीच्या आत लिहिलेल्या कोडवर आज लोक पुस्तकं शोधतात. मला त्या पोराबद्दल फार वाटतं, म्हणून हे विषयांतर.

रेवा_पुणे
विषयांतर नाही हे, मुद्द्याचंच आहे. कमी प्रसिद्ध म्हणजे कच्चं, हा समज काढून टाकायला हवा. आपण सगळे पिप चालवून पॅकेजं उतरवतो, ती देणारं पायपीआय हे भांडार पिरॅमिडवर लिहिलेलं आहे. आजूबाजूला पिरॅमिड वापरणारे किती जण माहीत आहेत? ब्राउझरमध्ये पायथॉन लिहायचं ज्युपिटर नोटबुक उघडलं की मागे टॉर्नेडो चालतो. तो मूळ फ्रेंडफीडचा, फेसबुकने ती कंपनी घेतल्यावर २००९ मध्ये खुला केला. लिनक्सच्या बातम्या देणारं एलडब्ल्यूएन क्विक्झोट नावाच्या फ्रेमवर्कवर आहे, ते तर तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलंही नसेल.

उलट २०१७ मध्ये जाप्रॉन्टो आठवतंय का? सेकंदाला दहा लाख विनंत्या म्हणून केवढा गाजावाजा होता! ते कधी प्राथमिक अवस्थेच्या पुढे गेलंच नाही. तेव्हा वेगाचे तक्ते बाजूला ठेवले हे उत्तम केलंत. फ्रेमवर्क कुठलंही असो, ते लिहिणारा स्वतः त्यावर काही चालवतोय का, हे बघत जा.

पोलादी
चेरीपाय. नातेवाइकांच्या छोट्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला. त्याचा स्वतःचा सर्व्हर इतका पक्का आहे की पुढे दुसरं काही लावावं लागत नाही, आणि विंडोज सर्व्हिस म्हणून बसतो. सकाळी संगणक सुरू केला की पान हजर, कंपाउंडरला काही करावं लागत नाही. क्लास लिहायचा, मेथडवर एक खूण करायची की ही बाहेरून दिसू दे, मेथडचं नाव तोच पत्ता. २००२ पासून आहे.

गोंयकार
कामावर फाल्कन. फक्त एपीआय, पानं नाहीत. गेट (माहिती मागणारी) विनंती आली तर काय, पोस्ट (माहिती पाठवणारी) आली तर काय, एवढंच लिहायचं. लपवाछपवी शून्य. वाचनालयाला मात्र उपयोगाचं नाही, तुम्हाला पानंच हवी आहेत.

मोडीवाचक
फ्रेमवर्क कुठलंही घ्या, पण मराठी नावं भरणार आहात तर थोडं थांबून हे वाचा. यात लोकांचे तास जातात.

पहिलं बॉटलचं. पायथॉन ३ मध्ये बॉटल ०.१२ फॉर्ममधला मजकूर लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या कोडात वाचून देते. सरळ गेट करून नाव काढलंत तर सुनीताच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह दिसतं. इंग्रजी नावांवर तपासणी केली तर हे कळतच नाही, पहिला मराठी सभासद आला की कळतं. उपाय सोपा आहे: गेट न वापरता गेटयुनिकोड वापरा, किंवा फॉर्म्सनंतर टिंब देऊन रकान्याचं नाव लिहा.

दुसरं जेसनचं, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या रूपाचं. बॉटल देवनागरी चिन्ह जसंच्या तसं पाठवत नाही, त्याचा उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी कोड करते. फ्लास्कही मूळ सेटिंगमध्ये तेच करतो. युटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत जे ३ बाइटांत बसतं त्याला ६ लागतात. तुमच्या राउटरला फरक पडणार नाही, पण लॉग वाचताना डोळे फुटतात. फास्टएपीआय आणि फाल्कन देवनागरी तशीच पाठवतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेटाबेसचं. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमाने यादी लावतो. त्यात ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून काळे हे काशीकरांच्या आधी येतात. ग्रंथपाल बाई पहिल्याच दिवशी विचारतील. क्षीरसागर क मध्ये हवेत की शेवटी, हेही त्यांनाच विचारा, कारण यावर मतं वेगळी असतात. पायथॉनच्या एसक्यूलाइट जोडणीत स्वतःचा क्रम नोंदवता येतो, क्रिएट कोलेशन म्हणून. दहा-पंधरा ओळींचं काम आहे.

चौथं, कुऱ्हाडे आडनाव. यातला र तीन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ हे एकच चिन्ह, र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणले की एक होतात. तिसरा हाताने बदलावा लागतो. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे हे करा.

सावली
मोडीवाचक, ही पोस्ट वेगळा धागा म्हणून टाका ना! आमच्या शाळेच्या हजेरीपटात काही आडनावं का सापडत नाहीत ते आज कळलं.

जुनाजाणता
उत्तम माहिती. टर्मिनलवाला, आता पेन ड्राइव्हवरच्या फाइलीबद्दल विचारतो. बॉटल ०.१२ आली २०१३ मध्ये, ०.१३ आली २०२४ मध्ये. ०.१२ पायथॉनच्या जुन्या सीजीआय मॉड्यूलवर अवलंबून आहे आणि पायथॉन ३.१३ मधून ते मॉड्यूल काढून टाकलंय. कोणी हौशी माणसाने काउंटरवरचा पायथॉन अद्ययावत केला की वाचनालय बंद. एक फाइल कॉपी करून ठेवली की ती तिथेच राहते आणि तिच्याखालची जमीन सरकत जाते.

टर्मिनलवाला
बरोबर आहे, म्हणूनच ०.१३ घ्या असं सांगेन. त्यात ते अवलंबन काढलंय. आणि पायथॉनही त्याच फोल्डरमध्ये वेगळा ठेवा, संगणकावरच्या पायथॉनला हात लागला तरी याला धक्का नको. हा मुद्दा जँगोलाही लागू आहे, काका.

रेवा_पुणे
दोघांच्या भांडणात एक मधला मार्ग आहे. २००३ मध्ये पायथॉनवाल्यांनी डब्ल्यूएसजीआय नावाचा करार केला. सर्व्हरने फ्रेमवर्कला कसं बोलवायचं ते त्यात ठरलं. त्याआधी प्रत्येक फ्रेमवर्कची सर्व्हरशी वेगळी सोयरीक असायची. त्या कराराने ही सगळी छोटी फ्रेमवर्कं जगली. बॉटल, फ्लास्क, पिरॅमिड, जँगो, कुठलंही असो, मागचा सर्व्हर बदलता येतो.

दोन सूचना. एक, बॉटलचा मूळ सर्व्हर एका वेळी एकच विनंती हाताळतो, दोन संगणक असतील तर वेट्रेस हा सर्व्हर लावा. शुद्ध पायथॉन आहे आणि विंडोजवर चालतो. गनिकॉर्न हा दुसरा सर्व्हर विंडोजवर चालत नाही, त्याच्या नादी लागू नका. दोन, परतीची तारीख, विलंब शुल्क, अनामत परत करायचे नियम हे सगळं अशा फाइलीत लिहा जिच्यात फ्रेमवर्कचं नावही नसेल. उद्या कोणाला जँगोच हवं झालं तर फक्त पानं पुन्हा लिहावी लागतील.

नदीकाठी
सर्वांचे मनापासून आभार. दोन-तीन गोष्टी ठरवल्या.

बॉटल ०.१३, वेट्रेस, एसक्यूलाइट. रेवाताईंनी सांगितलं तसे नियम वेगळ्या फाइलीत. ग्रंथपाल बाईंना विचारलं, क्षीरसागर शेवटी हवेत आणि काळे काशीकरांनंतर, तशीच त्यांची कार्डं लावलेली आहेत. म्हणजे क्रम लिहावा लागणार.

जुनाजाणता काका, तुमच्या पतसंस्थेचा किस्सा डोक्यातून जात नाही. वाचनालयात संध्याकाळी बीएस्सीची एक मुलगी काउंटर सांभाळते, तिला पायथॉन आहे. प्रत्येक भाग लिहून झाला की ती तो वाचणार आणि तिला न कळलेलं मी बदलणार, असं आमचं ठरलंय. सभासदांची यादी महिन्यातून एकदा साध्या सीएसव्हीत काढून छापूनही ठेवणार.

एकच शंका उरली. रोज रात्री डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आहे. फाइल नुसती कॉपी केली तर चालेल का?

जुनाजाणता
त्या मुलीला कोड वाचायला देताय, मग माझी हरकत मिटली. बॉटल तर बॉटल.

टर्मिनलवाला
नुसती कॉपी नको. त्याच क्षणी कोणी पुस्तक परत करत असेल तर अर्धवट प्रत मिळू शकते. पायथॉन ३.७ पासून एसक्यूलाइटच्या जोडणीतच बॅकअप नावाची मेथड आहे, ती चालू डेटाबेसचीही नीट प्रत घेते. आठवड्याच्या सात वारांच्या सात फाइली ठेवा, एकीवर दुसरी लिहू नका. आणि मधूनमधून त्यातली एखादी घरच्या संगणकावर उघडून बघा.

मोडीवाचक
क्रम लावायचं फंक्शन माझ्याकडे लिहिलेलं आहे, ळ, क्ष, ज्ञ सगळं धरून, आणि कुऱ्हाडेंच्या तिन्ही रूपांसकट. सावलीताई म्हणाल्या तसा वेगळा धागा आज रात्री काढतो, तिथे टाकतो. नदीकाठी, बाईंच्या कार्डांतली अडचणीची वीस-पंचवीस आडनावं तिथे लिहून द्या, त्यावर तपासून बघू.